लेकरू म्हणजे बांधावरची जमीन नव्हे

‘तुला कोणाकडे राहायचे आहे? आईकडे की बाबांकडे?’ प्रश्न मोजक्या शब्दांचा. पण आठ-दहा वर्षांच्या कोवळ्या जिवाला तो विचारला गेला की त्याच्या आयुष्याचे दोन तुकडे करण्याचे सामर्थ्य त्यात असते. आईचे नाव घ्यावे तर बाप दुरावतो. बापाचे नाव घ्यावे तर आईच्या डोळ्यांतले पाणी जन्मभर पाठ सोडत नाही. जो संसार दोघा जाणत्यांना सावरता आला नाही, जो तंटा दोन घराण्यांच्या वडीलधाऱ्यांना मिटवता आला नाही, त्याचा निवाडा तिसरी-चौथीतल्या पोराने एका वाक्यात करावा, अशी ही अपेक्षा! आणि या अपेक्षेला ‘बालकाच्या मताचा आदर’ असे भारदस्त नाव दिले जाते.

बारामती आणि इंदापूर हे पुणे जिल्ह्याचे शेजारी तालुके. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर वाढलेला ऊस, माळेगाव, सोमेश्वरनगर आणि भवानीनगर येथील सहकारी साखर कारखाने, बारामतीची औद्योगिक वसाहत, वालचंदनगरचा जुना उद्योग, भिगवणपर्यंत पसरलेला उजनीचा फुगवटा, असा हा परिसर. शेजारी तालुके म्हटले की सोयरिकी दाट असणारच. संसार सुखाचा असतो तोवर माहेर आणि सासर यांच्यामध्ये एस. टी.चा तास-दीड तासाचा प्रवास असतो. संसार मोडला की तेच अंतर वैरी मुलखांच्या सीमेसारखे होते. सून माहेरी जाते, मुलगा सासरी ठेवून घेतला जातो; किंवा आई लेकरांना घेऊन रातोरात निघते आणि बापाला त्यांचे तोंडही दिसू दिले जात नाही. शाळेच्या दाखल्यावरून भांडण होते, दिवाळीच्या सुट्टीवरून होते, आजारपणात कोणी दवाखान्यात न्यायचे यावरूनही होते. शेवटी अर्ज दाखल होतो. अर्जावर लिहिलेले असते: ‘अज्ञान मुलाचा ताबा मिळणेबाबत.’

ताबा! हा शब्द या भागातील शेतकऱ्याच्या हाडीमाशी खिळलेला आहे. सातबारा, वहिवाट, बांध, कब्जा यांच्याच गोतावळ्यातला हा शब्द. जमिनीच्या दाव्यात ज्याची वहिवाट दिसते त्याची बाजू जड होते, हे अनुभवाने प्रत्येकाला ठाऊक. तोच हिशेब लेकराच्या बाबतीत मांडला जातो. आधी मूल आपल्याकडे आणा, मग तारखा पडू द्या. वर्ष-दीड वर्ष गेले की मूल आपसूकच म्हणेल, ‘मला इथेच राहायचे आहे.’ बांध कोरावा तसे लेकराचे मन रोज थोडे थोडे कोरले जाते आणि अखेरीस ते कोरलेले मनच ‘बालकाची स्वतंत्र इच्छा’ म्हणून न्यायासनापुढे सादर होते.

कायद्याने काय सांगितले आहे?

वस्तुतः कायद्याने मुलाच्या हाती निवाडा दिलेला नाही. ‘पालक व पाल्य अधिनियम’ १८९० सालचा. त्याच्या सतराव्या कलमानुसार न्यायालयाने पाल्याचे कल्याण पाहायचे आहे. त्यासाठी त्याचे वय, लिंग व धर्म, होऊ घातलेल्या पालकाचे चारित्र्य व क्षमता आणि नात्यातील जवळीक यांचा विचार करायचा आहे. त्यात शेवटी असेही म्हटले आहे की, समजून उमजून पसंती ठरवण्याइतके मूल मोठे असेल, तर न्यायालय ती पसंती विचारात घेऊ शकते. शब्द ‘घेऊ शकते’ असे आहेत. ‘मान्य करील’ असे नाहीत. १९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमाचे २६ वे कलम मुलांचा ताबा, पालनपोषण आणि शिक्षण यांविषयीचे आदेश शक्य असेल तेथे मुलांच्या इच्छेशी सुसंगत असावेत, असे सांगते. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाने पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे असावे असे म्हटले आणि तेराव्या कलमात मुलाच्या कल्याणाला सर्वोपरी स्थान दिले. त्याच कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून ‘पिता आणि त्याच्या पश्चात माता’ असा जो क्रम होता, त्याचा अर्थ लेखिका गीता हरिहरन यांच्या याचिकेवर १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने व्यापक केला. पिता हयात असूनही मुलाची जबाबदारी घेत नसेल, तर माताच नैसर्गिक पालक ठरू शकते, हे त्यातून स्पष्ट झाले.

या साऱ्याचे सार एकच. मूल बापाच्या मालकीचे नाही, आईच्याही नाही. १९७३ सालीच सर्वोच्च न्यायालयाने बजावले होते की मुले ही आईबापांची चीजवस्तू किंवा खेळणी नव्हेत. संयुक्त राष्ट्रसंघाने १९८९ मध्ये संमत केलेली आणि भारताने डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारलेली बालहक्क संहिताही याहून वेगळे सांगत नाही. तिच्या बाराव्या कलमानुसार मुलाला आपले म्हणणे मांडण्याचा अधिकार आहे आणि त्या म्हणण्याला वय व परिपक्वता पाहून यथोचित महत्त्व द्यायचे आहे. जे विद्वान या कलमाचा हवाला देऊन मुलाला निर्णायक मताचा अधिकारी करू पाहतात, त्यांनी ते कलम पुन्हा एकदा शांतपणे वाचावे. ऐकून घेणे वेगळे आणि निर्णय त्याच्या माथी मारणे वेगळे. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात चौदा वर्षांच्या मुलाला आई किंवा बाप निवडण्याचा अधिकार कायद्यानेच दिला आहे. न्यायाधीशाने ती निवड अहितकारक ठरवली तरच ती बाजूला सारली जाते. ज्याला मतदान करता येत नाही, स्वतःच्या नावची जमीन विकता येत नाही, त्याने जन्मदात्यांपैकी एकाला नाकारण्याचा भार वाहावा, यात कोणती प्रगती आहे?

१८४३ चा धडा

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. १८४३ साली मुंबईत श्रीपत शेषाद्री परळीकर या मुलाचे प्रकरण गाजले. वय बाराच्या आतबाहेरचे. त्याचे थोरले बंधू नारायण यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारलेला. धाकटा श्रीपतही स्कॉटिश मिशनरी रॉबर्ट नेस्बिट यांच्या आश्रयाला राहिला होता. वडिलांनी मुंबईच्या तत्कालीन सुप्रीम कोर्टात धाव घेतली. मिशनऱ्यांकडचे म्हणणे असे की मुलगा समंजस आहे, स्वखुशीने राहिला आहे. न्यायालयाने मुलाची इच्छा प्रमाण मानली नाही. पित्याचा हक्क हा आधार मानून श्रीपतला वडिलांच्या स्वाधीन केले.

हिंदू समाजाला त्या निकालाने हायसे वाटले असेल; परंतु पुढे काय झाले? मुलगा घरी आला आणि जातीने दार लावून घेतले. परधर्मीयांच्या पंक्तीला बसलेल्याला परत कसे घ्यावे, यावर रण माजले. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर त्या मुलाच्या पाठीशी उभे राहिले, त्याच्या शुद्धीचा आग्रह त्यांनी धरला आणि त्यासाठी सनातन्यांचा रोष पत्करला. ज्या समाजाने मूल आपले म्हणून न्यायालयात लढा दिला, त्याच समाजातील एक मोठा वर्ग त्याला घरात घ्यायला तयार नव्हता. त्या मुलाच्या नावाने दोन पक्ष झुंजले. त्याच्या उद्याच्या जेवणाच्या पंक्तीचा विचार करणारे मात्र बाळशास्त्रींसारखे थोडेच निघाले.

या प्रकरणातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली ही, की ज्याच्या छपराखाली मूल राहते, ज्याचे अन्न खाते आणि ज्याच्याशिवाय इतरांशी बोलायची त्याला मुभा नसते, त्याच्या बाजूने मूल बोलले तर तेवढ्यावरून ती इच्छा स्वतंत्र ठरत नाही. मिशनच्या घरात राहणाऱ्या मुलाच्या ‘स्वखुशी’विषयी शंका घेणे रास्त असेल, तर तीच शंका आजोबांच्या वाड्यात अडकवलेल्या नातवाच्या आणि मामाच्या घरी दडवलेल्या भाच्याच्या ‘स्वखुशी’विषयीही घ्यावी लागेल. परक्याला एक निकष आणि आपल्या भावकीला दुसरा, असा दुटप्पीपणा चालणार नाही. दुसरी गोष्ट ही, की मूल जिंकून आणणे सोपे, त्याला आपलेसे करणे अवघड. ताब्याचा हुकूम हाती आला म्हणजे कर्तव्य संपले असे मानणाऱ्यांनी श्रीपतला आठवावे.

शुनःशेप काय म्हणाला?

मुलाचे ऐकून घेण्याची कल्पना पाश्चात्त्यांकडून उसनी आणावी लागली, असा एक समज शिकल्यासवरलेल्यांत रूढ आहे. तो निराधार आहे. ऐतरेय ब्राह्मणातील शुनःशेपाचे आख्यान या विषयाचा गाभाच उलगडून दाखवते. अजीगर्ताला तीन पुत्र. थोरल्याला बापाने पोटाशी धरले, धाकट्याला आईने. मधला शुनःशेप शंभर गाईंच्या मोबदल्यात यज्ञात बळी देण्यासाठी विकला गेला. त्याला यूपाला बांधायला कोणी धजेना, तेव्हा आणखी शंभर गाई घेऊन बापानेच बांधले. आणखी शंभरांसाठी त्याच्यावर शस्त्र चालवायलाही बापच सिद्ध झाला. देवतांच्या स्तवनाने शुनःशेप बंधमुक्त झाला आणि विश्वामित्रांच्या जवळ जाऊन बसला. तेव्हा अजीगर्त पितृत्वाचा हक्क सांगत पुढे आला. शुनःशेपाने त्याच्याकडे परत जाण्यास नकार दिला. त्याने सांगितले ते असे, की तुझ्या हाती शस्त्र सर्वांनी पाहिले आहे. माझ्यापेक्षा तू तीनशे गाई पत्करल्यास.

येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की शुनःशेपाने आवडनिवड सांगितली नाही. त्याने वर्तन सांगितले. काय घडले, कोणी बांधले, कोणी शस्त्र उचलले, हे त्याने सांगितले आणि त्यातून निर्णय सर्वांना दिसला. ‘तुला कोण आवडते?’ हा प्रश्न कोणीही त्याला विचारलेला नाही. आजच्या न्यायालयांनी मुलाशी कसे बोलावे, याचा याहून चांगला वस्तुपाठ शोधूनही सापडणार नाही.

साक्ष आणि पसंती: दोहोंची गल्लत

पसंती आणि साक्ष या दोन भिन्न गोष्टी आहेत आणि त्यांची सरमिसळ हे अनेक चुकीच्या निर्णयांचे मूळ आहे. बापाने आईला मारले, आई मुलाला उपाशी ठेवून निघून गेली, घरात दारूचा धिंगाणा होतो, कोणी नातेवाईक नको तसा स्पर्श करतो, हे मुलाने पाहिले-सोसले असेल तर ती साक्ष आहे. ती ऐकलीच पाहिजे, मग मूल पाच वर्षांचे का असेना. भारतीय साक्षीपुराव्याच्या कायद्याने साक्षीदाराला किमान वयाची अट कधीच घातलेली नाही. १८७२ च्या कायद्याच्या ११८ व्या कलमात जे तत्त्व होते, तेच १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या १२४ व्या कलमात आहे. प्रश्न समजतो आणि सुसंगत उत्तर देता येते, एवढे पुरे. बारा वर्षांखालच्या मुलाला सत्य बोलण्याचे कर्तव्य उमगत असेल पण शपथेचा अर्थ उमगत नसेल, तर शपथेविनाही त्याचे म्हणणे नोंदवता येते, अशी तरतूद १९६९ च्या शपथ अधिनियमात आहे. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याने तर दंडाधिकाऱ्यांनाही मुलाच्या तात्पुरत्या ताब्याचा आदेश देण्याचा अधिकार दिला आहे. तेव्हा ‘लहान मुलाला काय कळते?’ असे म्हणून त्याच्या अंगावरच्या वळांकडे डोळेझाक करणाऱ्यांना कायदा आणि धर्म दोघांचाही आधार नाही.

पसंतीचे तसे नाही. पसंती मोबाईलने विकत घेता येते, सायकलने घेता येते, अभ्यासाला सुट्टी देऊनही घेता येते. ती धाकानेही मिळवता येते. ‘तू आईचे नाव घेतलेस तर बाबा मरून जातील,’ असे एखाद्या आत्याने रात्री कानात सांगितले की सकाळी न्यायाधीशांपुढे मूल काय बोलणार, हे सांगायला ज्योतिषी नको. म्हणून साक्ष गांभीर्याने तपासावी, पसंती सावधपणे ऐकावी आणि दोन्हींवरून निर्णय करण्याचे ओझे मात्र न्यायासनाने स्वतःच्या खांद्यावर घ्यावे.

सर्वोच्च न्यायालयाच्या अनुभवाचा अर्थ

सर्वोच्च न्यायालयाचे गेल्या दोन दशकांतील निर्णय क्रमाने वाचले तर हीच अडचण पुनःपुन्हा दिसते. २००८ साली कोलकात्याच्या एका प्रकरणात आई मृत्यू पावलेली, बापावर तिच्या मृत्यूच्या संदर्भात फौजदारी खटला, आणि मूल आजी-आजोबांकडे. न्यायालयाने मुलाची इच्छा जाणून घेतली, बापावरील आरोपांचे गांभीर्य ओळखले आणि मूल आजी-आजोबांकडेच ठेवले. २०१७ साली मात्र वेगळे चित्र होते. आठ वर्षांची मुलगी दोन वर्षांचीही नव्हती तेव्हापासून बापाकडेच वाढलेली; साहजिकच ती बापाकडे झुकलेली. आईच्या सहवासाचा अनुभवच नसलेल्या मुलीची पसंती अखेरची मानता येत नाही, असा विचार करून न्यायालयाने तिला आईकडे सोपवले. एका पालकाने दुसऱ्याविषयी मुलाचे मन कलुषित करण्याच्या दोषाचाही उल्लेख त्या निर्णयात झाला.

मग या ‘मन कलुषित करण्याच्या’ सिद्धांताचाच सर्रास वापर होऊ लागला. मुलाने नको म्हटले रे म्हटले, की त्याला शिकवले आहे असा आरोप! मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की असा शिक्का घाईने मारू नये. प्रत्यक्ष कोणते वर्तन घडले ते दाखवावे. त्या प्रकरणात मुलांनी वडिलांकडे राहण्याची इच्छा सातत्याने व्यक्त केली होती आणि न्यायालयाने ताबा वडिलांकडे दिला.

सर्वांत बोलके प्रकरण दिल्लीची आई आणि केनियातील पिता यांचे. ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने अकरा वर्षांच्या मुलाला पित्याकडे पाठवण्याचा निर्णय दिला. मुलाशी झालेला संवाद आणि त्याचा कल यांनाही त्यात महत्त्व होते. वर्षभरातच पित्याने न्यायालयाची दिशाभूल केल्याचे उघड झाले आणि २०२१ मध्ये न्यायालयाला तो आदेश मागे घ्यावा लागला. पुढे पित्याला अवमानाबद्दल शिक्षाही झाली. मुलाचा कल खरा असेलही. पण ज्या मोठ्या माणसाकडे कल होता त्याचा शब्द खोटा निघाला. अकरा वर्षांचे मूल बापाची माया ओळखते. त्याच्या प्रतिज्ञापत्रामागचा डाव ओळखण्याचे काम मुलाचे नव्हे.

आणि याच्या नेमके उलट उदाहरण जुलै २०२५ चे. केरळमधील एका मुलाचा ताबा पित्याकडे देण्याचा २०२४ चा स्वतःचाच आदेश सर्वोच्च न्यायालयाने पुनर्विलोकनात बदलला. त्या आदेशाने मुलाच्या मनावर झालेला आघात मानसतज्ज्ञांच्या अहवालांतून समोर आला होता. देशातील सर्वोच्च न्यायासनालाही मुलाचे मन ओळखताना पाऊल मागे घ्यावे लागते, तेथे तालुक्याच्या ठिकाणी, कामाच्या रेट्यात, पाच-दहा मिनिटांच्या बोलण्यातून ते कसे ओळखले जाणार?

दहा लाखांची अट आणि तालुक्याचे लेकरू

येथेच खरा प्रश्न उभा राहतो. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय अधिनियमाने मोठी दूरदृष्टी दाखवली होती. समाजसेवी संस्थांचे साहाय्य, समुपदेशक, वैद्यकीय व कल्याणविषयक तज्ज्ञांची मदत, बंद दरवाजाआड सुनावणी, हे सर्व त्या कायद्यात आहे. परंतु अशी न्यायालये स्थापण्याची सक्ती दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांपुरतीच. अन्यत्र ती राज्य शासनाला आवश्यक वाटेल तेथे. म्हणजे पुण्यातील मुलासाठी समुपदेशकाची व्यवस्था हा कायद्याचा आग्रह आणि बारामती-इंदापूरच्या मुलासाठी तो शासनाच्या मर्जीचा विषय! बारामतीपासून पुणे सुमारे शंभर किलोमीटर, इंदापूरपासून सव्वाशेहून अधिक. लेकराचे मन तपासायला इतक्या लांब न्यायचे की येथेच कोणी तपासायचे?

जेथे कौटुंबिक न्यायालय नाही, तेथे मुलाचा अर्ज बांधाच्या, वाटपाच्या आणि धनादेशाच्या दाव्यांच्या रांगेत उभा राहतो. तारखेच्या दिवशी मूल शाळा बुडवून येते. आवारात एका बाजूला वडिलांकडची माणसे, दुसऱ्या बाजूला आईकडची. कोणाकडे पाहून हसावे याचीही त्याला भीती. न्यायाधीश कितीही सहृदय असले तरी हाताशी प्रशिक्षित समुपदेशक नाही, मुलासाठी वेगळी खोली नाही, दोन्ही घरे पाहून आलेला कोणी नाही. अशा स्थितीत ‘तुला कोणाकडे राहायचे?’ हा प्रश्न विचारणे सर्वांत सोपे आणि म्हणूनच तो विचारला जाण्याचा धोका सर्वांत मोठा.

यावर उपाय अशक्यप्राय नाहीत. प्रत्येक तालुक्यात विधी सेवा समितीची रचना आहे. तिच्या आधाराने बालमानसाची जाण असलेल्या समुपदेशकांची सूची करता येईल. शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि शाळेचे मुख्याध्यापक यांच्याकडून मुलाच्या रोजच्या जीवनाची माहिती घेता येईल. डबा कोण देते, पालकसभेला कोण येते, मूल केव्हापासून गप्प झाले, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? न्यायाधीशांनी मुलाशी आपल्या दालनात, दोन्ही पक्ष व वकील यांच्या अनुपस्थितीत, एकदा नव्हे तर दोन-तीनदा बोलावे. त्यातील एकदा तरी मूल ज्या पक्षाकडे राहत नाही, त्या पक्षाकडे काही दिवस राहून आल्यानंतर बोलावे. त्या संभाषणाचा आशय दोन्ही पक्षांना कळायला हवा, कारण न ऐकलेल्या आरोपावर कोणाचे मूल काढून घेणे हाही अन्यायच. परंतु मुलाचे शब्द जसेच्या तसे त्याच्या माथी दोषारोप म्हणून परत येणार नाहीत, याचीही काळजी घ्यावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, १८९० च्या कायद्याच्या बाराव्या कलमातील अंतरिम आदेशाचा अधिकार पहिल्याच तारखांना वापरला जावा. दुरावलेल्या पालकाला मुलाची नियमित भेट सुरू झाली, की ‘वहिवाट’ निर्माण करून मन वळवण्याचा धंदा निम्मा बसतो. विधी आयोगाने २०१५ च्या आपल्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस केली होती. तिला कायद्याचे रूप देण्याचे काम कोणत्याही सरकारला इतके अवघड वाटू नये.

न्यायालयाबाहेरचे कर्तव्य

मात्र सारा दोष शासनाच्या आणि न्यायालयांच्या पदरात टाकून समाजाला मोकळे होता येणार नाही. कुटुंबव्यवस्था हा आपल्या संस्कृतीचा कणा, असे आपण व्यासपीठांवरून सांगतो. त्या कुटुंबाची परीक्षा तोरण बांधताना होत नाही. ते मोडताना होते. मुलगा वंशाचा दिवा म्हणून ठेवून घ्यायचा आणि मुलगी आईबरोबर पाठवून द्यायची, हा हिशेब आजही होतो. अशा घराने कुळधर्माच्या गोष्टी करू नयेत. बहीण-भावाची ताटातूट करून कोणता वंश वाढतो? त्याचप्रमाणे पोटगीची रक्कम वाढावी म्हणून लेकराला बापाविरुद्ध पढवणारे माहेरही निर्दोष नाही. वडील गुन्हेगार असतील तर पुरावा द्यावा; नसतील तर मुलाच्या मनातून बाप पुसून टाकण्याचा अधिकार कोणालाही नाही.

गावातील प्रतिष्ठित, दोन्हीकडचे सोयरे, शाळेतील गुरुजी आणि मंदिरात कीर्तन ऐकायला जमणारे आपण सारे, यांनी एवढे तरी ठरवावे की भांडणाच्या काळात मुलाला ‘तू कोणाचा?’ असे गमतीनेही विचारायचे नाही. वकिलांनीही आपल्या अशिलाला पहिल्याच भेटीत सांगावे की लेकराला पढवून आणाल तर खटल्याचे नुकसान होईल आणि लेकराचे त्याहून अधिक.

बारामती ही मोरोपंतांची नगरी. इंदापूर शहाजीराजांच्या जहागिरीतला परगणा. ज्या मातीने राज्ये घडताना पाहिली, त्या मातीतील लेकरांच्या नशिबी सातबाऱ्यावरच्या नोंदीसारखे फिरणे येऊ नये. मुलाचे ऐकावे, मनापासून ऐकावे, त्याने पाहिलेले आणि सोसलेले नीट नोंदवावे. निवाडा मात्र मोठ्यांनी करावा आणि त्याची जबाबदारीही मोठ्यांनीच घ्यावी. आपल्या भांडणाचे उत्तर लेकराच्या तोंडून वदवून घेणाऱ्याला उद्या त्याच लेकराच्या प्रश्नांना तोंड द्यावे लागणार आहे. आणि त्या वेळी कोणत्याही न्यायालयाचा हुकूमनामा त्याच्या कामी येणार नाही.